मागणे आणि सोपवणे

ख्रिस्ती प्रार्थनेतील समर्पण म्हणजे स्वतःच्या इच्छेचा त्याग, असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि वासनाक्षय, वैराग्य, निष्काम कर्म या शब्दांशी पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा अर्थ सहज पटतोही. इच्छा हेच बंधनाचे मूळ असेल, तर ईश्वरापुढे जाताना ती उंबऱ्याबाहेर ठेवून जावे हेच उचित, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. ख्रिस्ती परंपरेचा मुख्य प्रवाह मात्र या वाटेने गेलेला नाही. ईश्वरापुढे इच्छा घेऊनच जावे, ती स्पष्ट शब्दांत मांडावी, तिच्यासाठी रडू आले तर रडावे, आणि मग ती त्याच्या हाती सोपवावी, असा या परंपरेचा क्रम आहे. मागण्याची पायरी गाळून एकदम सोपवण्याच्या पायरीवर उडी घेण्याचे प्रयत्न ख्रिस्ती इतिहासात वेळोवेळी झाले आणि त्यांतील काही अत्यंत थोर मनाच्या माणसांनी केले. तरीही चर्चने, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेने, त्यांच्याकडे संशयानेच पाहिले. जे मागितलेच नाही ते अर्पण कसे करणार, हा साधा प्रश्न या संशयाच्या मुळाशी आहे.

या विषयाचे मूळ नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तोत्तर भागातील, दोन प्रसंगांत आहे. पहिला प्रसंग येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेचा. ‘प्रभूची प्रार्थना’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी प्रार्थना मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, आढळते. परंतु देवाच्या इच्छेप्रमाणे पृथ्वीवर घडावे ही मागणी मत्तयाच्या पाठात आहे आणि लूकच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. दुसरा प्रसंग येशूच्या अटकेच्या रात्रीचा, जेरुसलेमजवळच्या जैतुनाच्या डोंगरावरील गेथशेमाने नावाच्या जागेचा. गेथशेमाने या शब्दाचा अर्थ तेलाचा घाणा असा होतो. जैतुनाची फळे पिळून तेल काढण्याची ती जागा. तेथे येशूने, पुढ्यात आलेला दुःखाचा प्याला शक्य असल्यास दूर व्हावा, अशी विनंती पित्याकडे केली आणि तरीही आपल्या इच्छेप्रमाणे न होता पित्याच्या इच्छेप्रमाणे व्हावे, असे म्हटले. मत्तयाने या प्रसंगातील दुसऱ्या वेळच्या प्रार्थनेसाठी जे ग्रीक शब्द वापरले आहेत, ते शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतील त्या मागणीशी अक्षरशः जुळतात. गुरूने डोंगरावर जे शिष्यांना म्हणायला सांगितले, तेच त्याला स्वतःला मरणाच्या आदल्या रात्री म्हणावे लागले, असा हा जोड आहे, आणि तो योगायोगाने आलेला नसावा.

गेथशेमानेच्या वर्णनात शांत, अविचल अशा पुरुषाचे चित्र कुठेही नाही, हे विशेष. मार्काच्या शुभवर्तमानात येशू अस्वस्थ होतो, मरणप्राय खिन्न होतो, जमिनीवर पडतो आणि देवाला ‘अब्बा’ या अरमाईक भाषेतील घरगुती हाकेने हाक मारतो. तीच विनंती तो तीनदा करतो आणि मधल्या वेळात झोपी गेलेल्या मित्रांकडे पुन्हा पुन्हा येतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूने मोठ्याने आक्रोश करीत आणि अश्रू ढाळीत प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. ग्रीक तत्त्वज्ञानात वाढलेल्या वाचकांना हे चित्र अडचणीचे वाटले होते, कारण मृत्यूला हसतमुखाने सामोरा गेलेला सॉक्रेटिस त्यांच्यासमोर आदर्श म्हणून उभा होता. ख्रिस्ती लेखकांनी ही अडचण झाकली असती तर ते सोयीचे ठरले असते. त्यांनी ती झाकली नाही.

या अडचणीतूनच सातव्या शतकात एक वाद उभा राहिला. येशू पूर्णपणे देव आणि पूर्णपणे मनुष्य, हा सिद्धान्त तोपर्यंत मान्य झालेला होता. पण मग त्याच्या ठायी इच्छा किती, एक की दोन? बायझंटाईन सम्राट हेराक्लियस याला अंतर्गत धार्मिक फूट मिटवायची होती, आणि ख्रिस्ताच्या ठायी एकच, म्हणजे दैवी, इच्छा होती असे मानले तर भांडणारे पक्ष एकत्र येतील, असे त्याच्या सल्लागारांना वाटले. या मताला एकेच्छावाद म्हणता येईल, आणि इ. स. ६३८ मध्ये सम्राटाच्या आज्ञापत्राने त्याला राजमान्यता मिळाली. वरवर पाहता हे मत भक्तिभावाचे वाटते, कारण मानवी इच्छा दैवी इच्छेत विरघळून जावी यापेक्षा मोठे समर्पण कोणते? त्याला विरोध केला तो मॅक्सिमस (सुमारे ५८०–६६२) नावाच्या एका संन्याशाने. त्याचे म्हणणे असे, की जे ख्रिस्ताने स्वीकारले नाही त्याचा उद्धारही झाला नाही. म्हणून ख्रिस्ताला मानवी इच्छाच नव्हती असे म्हणणे म्हणजे माणसाच्या इच्छाशक्तीला उद्धारातून वगळणे होय.

मॅक्सिमसने गेथशेमानेच्या प्रार्थनेचे जे विवेचन केले ते आजही वाचनीय आहे. त्याच्या आधीचे अनेक जण प्याल्याला नकार देणारे उद्गार मानवी दुर्बलतेचे आणि होकार देणारे उद्गार दैवी इच्छेचे, अशी वाटणी करीत असत. मॅक्सिमसने ही वाटणी मोडली. प्याला नको असे म्हणणारी इच्छा मानवी आहे आणि पित्याच्या इच्छेला मान्यता देणारी इच्छाही मानवीच आहे, असे त्याने दाखवले. म्हणजे समर्पण हे देवाने माणसाच्या जागी केलेले काम न राहता माणसाने माणूस म्हणून केलेली कृती ठरली. त्याने आणखी एक भेद केला. प्रत्येक जिवाला जगावेसे वाटते, वेदना टाळावीशी वाटते, ही निसर्गतः आलेली इच्छा असून ती देवानेच दिलेली आहे, म्हणून तिच्यात पाप नाही; काय चांगले हे नीट न कळल्यामुळे मन जे डळमळते, ते मात्र वेगळे. या भेदाचा अर्थ व्यवहारात असा होतो, की आजारी माणसाने बरे होण्यासाठी किंवा आईने मुलाच्या जिवासाठी केलेली मागणी ही श्रद्धेची उणीव ठरत नाही. या मताची किंमत मॅक्सिमसने मोजली. सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याच्या कारकिर्दीत त्याला अटक झाली, ६६२ मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला, म्हणजे बोलण्याचे आणि लिहिण्याचे साधनच काढून घेण्यात आले, आणि आजच्या जॉर्जिया देशाच्या भागात हद्दपारीत त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढे ६८०–६८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल येथे भरलेल्या सहाव्या सार्वत्रिक धर्मपरिषदेने त्याचेच मत ग्राह्य धरले, जरी त्याचे नाव तेव्हा घेतले गेले नाही. इच्छेच्या बाजूने इतका मोठा लढा एका संन्याशाने द्यावा, याचे मोल फार कमी वेळा ओळखले जाते.

पश्चिमेकडे याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडला तो संत ऑगस्टीन. ४१० मध्ये रोम शहर गॉथ टोळ्यांनी लुटल्यानंतर प्रोबा नावाची एक श्रीमंत रोमन विधवा उत्तर आफ्रिकेत आश्रयाला आली होती, आणि प्रार्थना कशी करावी, असे तिने ऑगस्टीनला पत्राने विचारले. त्याचे उत्तर हा प्रार्थनेवरील एक छोटा ग्रंथच आहे. देवाला आपल्या गरजा आधीच ठाऊक असतील तर मागायचे कशाला, या नेहमीच्या शंकेला त्याने दिलेले उत्तर असे, की मागणे हे देवाला माहिती देण्यासाठी नसून मागणाऱ्याची इच्छा ताणून मोठी करण्यासाठी असते, म्हणजे जे मिळायचे आहे ते सामावून घेण्याइतकी ती विस्तारावी. ऑगस्टीनच्या दृष्टीने माणसाची अडचण त्याला फार हवे असते ही नाही. त्याला जे हवे असते ते फार थोडके असते, ही आहे. संकटात काय मागावे हेच माणसाला कळत नाही, हे प्रेषित पौलाचे मत तो याच पत्रात उलगडतो आणि पौलाचेच उदाहरण देतो: शरीरातील एक काटा, म्हणजे कसलीशी पीडा, दूर व्हावी म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि ती मान्य झाली नाही. मान्य न झालेली ही मागणी पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवून ठेवली आहे, आणि त्यामुळेच पुढच्या काळातील असंख्य दुःखितांना तिचा आधार वाटला.

तत्त्वाचा उलगडा इतका झाला, तरी रोजच्या जीवनात देवाची इच्छा ओळखायची कशी, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी रीतसर अभ्यासक्रम तयार केला तो इग्नेशियस लोयोला या बास्क सरदाराने. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यावरील लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यानंतर अंथरुणावर पडून असताना त्याच्या मनात दोन प्रकारची स्वप्ने येत: एक दरबारी पराक्रमाची, दुसरी संतांसारखे जगण्याची. दोन्ही येताना गोड वाटत. पण पहिली ओसरल्यावर मन कोरडे पडे आणि दुसरी ओसरल्यावरही समाधान मागे राही, हे त्याच्या लक्षात आले. इच्छेला दडपण्याऐवजी तिच्या मागे काय उरते ते पाहावे, हा त्याच्या पुढील सर्व शिकवणीचा पाया ठरला. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळालेली त्याची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका वाचण्यासाठी नसून करण्यासाठी आहे. सुमारे ३० दिवस एकांतात, मार्गदर्शकाच्या मदतीने, चार ‘आठवडे’ म्हटलेल्या टप्प्यांत ती केली जाते.

या साधनेतील मध्यवर्ती संज्ञेचा शब्दशः अर्थ उदासीनता असा होतो, आणि तो मराठीत तसाच घेतला तर दिशाभूल होते. इग्नेशियसला अभिप्रेत असलेली अवस्था तराजूच्या काट्यासारखी आहे: आरोग्य की आजार, संपत्ती की दारिद्र्य, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांपैकी कोणत्याही पारड्यात आधीच वजन टाकलेले नसावे, म्हणजे देवाच्या प्रेरणेने काटा ज्या बाजूला झुकेल ती बाजू दिसेल. ही अवस्था समजावण्यासाठी त्याने तीन प्रकारच्या माणसांचा दाखला दिला आहे. तिघांनीही १०,००० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळवलेली आहेत, पण पूर्णपणे देवाच्या प्रेमापोटी मिळवलेली नाहीत, आणि त्या पैशाची ओढ मनाला टोचते आहे. पहिल्याला ती ओढ सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत तो काही करीत नाही. दुसऱ्यालाही ती सुटावी असे वाटते, पण पैसा मात्र हातात राहूनच, म्हणजे त्याला जेथे जायचे आहे तेथे देवाने यावे, अशी त्याची अपेक्षा असते. तिसरा पैसा ठेवण्याचाही हट्ट धरीत नाही आणि टाकण्याचाही धरीत नाही. देवाच्या सेवेला काय अधिक उपयोगी, ते कळेपर्यंत थांबतो. यांतील दुसरा माणूस फार ओळखीचा आहे. प्रार्थना करणाऱ्या बहुतेकांचे समर्पण त्या दुसऱ्याच्याच पायरीवर घुटमळत असते, आणि इग्नेशियसने त्याला ढोंगी न म्हणता फक्त त्याच्यासमोर आरसा धरला आहे.

आणि तरीही याच साधनेत प्रत्येक चिंतनाच्या आरंभी, आपल्याला काय हवे आहे ते देवाकडे नेमके मागावे, अशी सूचना आहे. मोघम बोलायचे नाही. त्या तासात दुःख हवे असेल तर दुःख, आनंद हवा असेल तर आनंद, स्पष्टपणे मागायचा. एवढेच काय, एखाद्या पदाची किंवा लाभाची अवाजवी ओढ आहे असे दिसले, तर तिच्या उलट गोष्टीची मागणी हेतुपूर्वक करावी, म्हणजे काटा मध्यावर येईल, असेही तो सुचवतो. शेवटी येणाऱ्या अर्पणाच्या प्रार्थनेत स्मरणशक्ती, बुद्धी आणि इच्छा ही तिन्ही देवाला परत दिली जातात. पण ही प्रार्थना ३० दिवसांच्या शेवटी आहे, पहिल्या सकाळी नाही.

इग्नेशियसच्या स्वतःच्या आयुष्यात हा काटा किती हलत असे, याची एक नोंद त्याच्या सहकाऱ्याने करून ठेवली आहे. १५५५ मध्ये कार्डिनल कराफा यांची पोप म्हणून निवड झाल्याची बातमी आली. कराफा आणि इग्नेशियस यांचे पूर्वीपासून पटत नव्हते, आणि नव्या पोपने मनात आणले असते तर येसूसंघ, म्हणजे इग्नेशियसने स्थापलेला जेझुइट संघ, मोडीत निघाला असता. बातमी ऐकून इग्नेशियसचा चेहरा पालटला, अंगातील हाडे हादरली. तो काही न बोलता प्रार्थनामंदिरात गेला आणि थोड्या वेळाने प्रसन्न मुद्रेने बाहेर आला. संघ विसर्जित झाला तर मन शांत व्हायला पाव तासाची प्रार्थना पुरेल, असेही तो म्हणत असे. त्या पाव तासाविषयी लिहिणारे त्याच्या शांतीचे कौतुक करतात. परंतु त्याआधी हादरलेली हाडे अधिक महत्त्वाची आहेत, कारण ती हादरली नसती तर प्रार्थनामंदिरात जाण्याचे कारणच नव्हते. याच संघाचा गोव्याशी संबंध आला तोही अशाच एका अनपेक्षित वळणाने. पूर्वेकडे जाण्यासाठी निकोलस बोबादिया याची निवड झाली होती; तो आजारी पडला, म्हणून १५४० मध्ये फ्रान्सिस झेवियरला ऐनवेळी पाठवण्यात आले, आणि ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. पुढे १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही याच संघाचे.

सोपवण्याची पायरीच सर्वस्व मानणारा प्रयत्न सतराव्या शतकात झाला. मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूचा ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ हा ग्रंथ १६७५ मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झाला आणि थोड्याच काळात युरोपभर वाचला गेला. त्याच्या मते आत्म्याने पूर्ण निष्क्रिय, शांत व्हावे आणि देवाला हवे ते करू द्यावे. या शिकवणीला पुढे शांततावाद असे नाव पडले. १६८७ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी मोलिनोसच्या नावावरील ६८ विधाने दोषी ठरवली, आणि त्यांतील एका विधानाचा आशय प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे: ज्याने स्वतःला देवाच्या इच्छेवर सोपवले आहे त्याने देवाकडे काहीही मागणे योग्य नाही, कारण मागणे ही स्वेच्छेची कृती आहे. चर्चने नाकारले ते हेच. मोलिनोस कैदेतच १६९६ मध्ये मरण पावला. त्याला दिलेली शिक्षा क्रूर होती आणि तिचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु त्या एका विधानावरील चर्चचा निर्णय मात्र बरोबर होता, असे म्हणावे लागते. प्रभूच्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलेली आहे, आणि मागणे हाच दोष असेल तर ती प्रार्थनाच दोषी ठरते.

या वादाचा फ्रान्समधील अध्याय अधिक सूक्ष्म आहे. मादाम गियों (१६४८–१७१७) या विधवेने शुद्ध, निरपेक्ष प्रेमाची प्रार्थना शिकवली, आणि कांब्रेचे आर्चबिशप फेनेलाँ यांनी तिची बाजू घेतली. देवावर प्रेम करणाऱ्याने स्वतःच्या मोक्षाचीही इच्छा धरू नये काय, असा प्रश्न तेथे निर्माण झाला. बिशप बोस्युए यांचे उत्तर असे होते, की मोक्षाची इच्छा ही आशा नावाच्या सद्‌गुणाचाच भाग आहे, आणि आशा सोडून देणे म्हणजे देवाने दिलेले वचन सोडून देणे होय. १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलाँच्या ग्रंथातील २३ विधाने अमान्य केली. फेनेलाँने तो निर्णय जाहीरपणे मान्य केला, आणि समर्पणाविषयी लिहिलेल्या पुस्तकापेक्षा या कृतीतच त्याचे समर्पण अधिक उजळून दिसते. गियोंबाईंच्या वाट्याला मात्र १७०३ पर्यंत बॅस्तियच्या तुरुंगातील कोठडी आली.

प्रॉटेस्टंट पंथांत हीच धारा वेगळ्या रूपाने आली. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी ऑगस्ट १७५५ मध्ये लंडनमधील स्पिटलफील्ड्‌स येथे कराराची उपासना घेतली. आपण यापुढे आपले राहिलो नाही, देवाने कामाला लावावे किंवा बाजूला ठेवावे, अशा आशयाचा हा सामुदायिक संकल्प मेथडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षाच्या आरंभी केला जातो. कामावरून बाजूला ठेवले जाण्याची तयारी हा त्यातील सर्वांत अवघड भाग होय, हे निवृत्त झालेल्या किंवा आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एक न सुटलेली गाठ प्रामाणिकपणे दाखवली पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते मिळेल; आणि त्याच ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात तो स्वतः ‘शक्य असल्यास’ आणि ‘तरीही’ अशा भाषेत मागतो. एकाच वेळी खात्रीही धरायची आणि नकाराची तयारीही ठेवायची, हे कसे जमावे? सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने १९५३ मध्ये धर्मगुरूंच्या एका सभेपुढे नेमका हाच प्रश्न मांडला आणि आपल्याला त्याचे उत्तर सापडले नसल्याचे सांगितले. आरोग्यप्राप्तीच्या प्रार्थनासभांत रुग्ण बरा झाला नाही तर दोष त्याच्या विश्वासाला दिला जातो, तेव्हा अकरावा अध्याय वाचलेला असतो आणि चौदावा विसरलेला असतो. गेथशेमानेतील मागणीही मान्य झाली नव्हती, आणि तेथे मागणाऱ्याचा विश्वास कमी पडला असे कोणताही ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या शेवटी तर सांत्वनाचा एक शब्दही न येता अंधारच उरतो. ते स्तोत्र संग्रहात ठेवणाऱ्यांना प्रार्थनेविषयी पुष्कळ कळत होते.

समर्पणाच्या शिकवणीचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो महाराष्ट्रातील दोन घरांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो: देवाची इच्छा म्हणून जी सांगितली जाते ती पुष्कळदा कोणा माणसाची इच्छा असते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात तेथील जोगिणींच्या संघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि समर्पण या विषयावरील मूळ साधन म्हणून तो वाचला गेला पाहिजे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, असे रमाबाई विचारतात. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना शिकवण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली तेव्हा तिचे कारण मागतात. आणि जेराल्डिन त्यांना अहंकार व स्वेच्छा सोडण्याचा उपदेश करतात. भारतातील पुरोहितशाहीचे जोखड महत्प्रयासाने झुगारून दिल्यावर, धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाला ईश्वराची आज्ञा मानायला लावणारे दुसरे जोखड मानेवर घेण्याची तयारी नाही, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय होता. येथे स्वेच्छा कोणाची आणि समर्पण कोणाचे, हे ठरवणे वाचकाला कठीण जात नाही. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी जाणीव झाल्याचे त्यांनी नंतर लिहिले, आणि तेथून पुढे त्यांची प्रार्थना बदलली. परंतु कोणाही माणसाच्या अधिकाराला देवाच्या जागी न बसवण्याची त्यांची रीत बदलली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुलींना त्यांनी आणले आणि केडगावला मुक्ती मिशन उभे केले. दुष्काळ ही देवाची इच्छा म्हणून हात जोडून बसणे त्यांना समर्पण वाटले नाही, आणि जिचे आईवडील दुष्काळाने नेले होते अशा बाईला ते तसे वाटण्याचा संभवही नव्हता.

दुसरे घर नारायण वामन टिळकांचे. ईश्वराने बोलावले असे मानून टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण त्या निर्णयात पत्नी लक्ष्मीबाईंना विचारलेले नव्हते. एका माणसाने देवापुढे केलेले समर्पण दुसऱ्याच्या संसारावर वीज होऊन कसे कोसळते, हे ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात जितक्या निर्मळपणे आले आहे तितके क्वचितच कोणत्या धर्मशास्त्रीय ग्रंथात आले असेल. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न स्वतः सोडवून. नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नाही. इग्नेशियसने निर्णयाच्या वेळी मार्गदर्शक का सांगितला आणि पारडी मोजून पाहायला का सांगितले, ते अशा घरांकडे पाहिले की कळते. टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही मुक्त मंडळी सुरू केली आणि अखेरपर्यंत अभंगांच्या भाषेतून ख्रिस्ताकडे मागणे मागितले. मागणे आणि शरण जाणे ही एकाच श्वासात येतात ती वारकरी रीत त्यांना घरचीच होती.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत मागण्याचा आणि सोपवण्याचा हा क्रम पुन्हा एकदा कसाला लागला. मुक्ती मिशनचा भार पुढे मनोरमेने वाहावा अशी त्यांची योजना होती, आणि तिला त्यासाठी त्यांनी घडवलेही होते. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, मनोरमेचा मृत्यू झाला. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशा भाषेत, पुरे करीत होत्या. त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते आणि प्रकृती ढासळली होती. मुलीच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचेही निधन झाले. १९२४ मध्ये ते बायबल केडगावलाच छापून बाहेर पडले, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासूनची छपाईची कामे मिशनमधल्या बायकांनी केली.